अंगणातली सर्व्हिसिंग

९ जानेवारी २०२५

डाव्या हाताने लिहितो आहे. व्यायामवाल्या मॅडमने सांगितले, काका, रोज चार ओळी लिहा, काहीही लिहा. बायकोने, बेबीने, ही जुनी वही काढून दिली. पहिल्या पानांवर तिच्या अंगणवाडीतल्या पोरांची वजने आहेत. ती पाने सोडून लिहितो. चार ओळी झाल्या.

१२ जानेवारी

काय लिहायचे ते सुचत नाही म्हणून स्वतःचीच ओळख लिहितो. गुलाबराव, वय एकसष्ट, राहणार लोणार. एस.टी.च्या मेहकर डेपोत एकतीस वर्षे मेकॅनिक. ऑक्टोबरात लकवा मारला. पाय परत आला, जीभही बरीचशी परत आली. उजवा हात आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहतो.

मॅडमने दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मी कपाटावर फेकून दिला. म्हातारा माणूस चेंडू खेळत बसला आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे का? बेबीने तो उतरवून परत हातात दिला नाही. एरवी ती पिच्छा सोडत नाही.

१७ जानेवारी

प्रसेनजितचा पुण्याहून फोन. “बाबा, गाडी उभी उभी सडून जाईन. आई चालवत नाई, तुम्हाले आता जमत नाई. विकून टाका.” खोटे काय बोलला? मी “हाव, विकू” म्हटले. गिऱ्हाईकही त्यानेच पाहिले आहे. आपल्याकडच्याच उंद्री गावचा राजकुमार म्हणून आहे. त्याच्या आईचे डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यावे लागते. मार्चात येतो म्हणाला.

गाडी २०११ सालची, पांढरी, छोटी. मी २०१४ मध्ये एका मास्तरांकडून घेतली. जेवताना बेबी म्हणाली, “विकायच्या कागदावर सही लागते न?” मी ताट सरकवून उठलो. तिने मुद्दाम विचारले नसेल, पण लागले.

१८ जानेवारी

काल का उठलो ते लिहून ठेवतो.

डिसेंबरात पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो. सही करताना पेन हातातून तीनदा पडला. काउंटरवरची पोरगी चांगली होती, स्वतः शाईचा पॅड घेऊन बाहेर आली. “असू द्या काका, अंगठा चालते.” तिने माझा अंगठा धरून टेकवला. घरी येईपर्यंत मी खिशातून हात काढला नाही.

माझे वडील रंगराव, आम्ही त्यांना आबा म्हणत होतो. चाळीस वर्षे अंगठा लावला त्यांनी. मग गावात प्रौढशिक्षणाचा वर्ग निघाला. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून संध्याकाळी पाटी घेऊन बसायचे, आम्हा पोरांच्या शेजारी. ‘रं’वरचे टिंब देताना जीभ बाहेर काढायचे. मला एस.टी.त नोकरी लागली तेव्हा जामिनाच्या कागदावर त्यांनी सही केली. साहेबाने कागद उचलला तरी ते सहीकडेच पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “गुलाब, आता आपल्या घरात अंगठा संपला.”

बाबासाहेबांच्या फोटोशेजारीच आबांचा फोटो आहे. बँकेतून आल्यापासून मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

२२ जानेवारी

विकायची म्हटली तरी अशी कशी द्यायची? डेपोतून गाडी रोडवर सोडताना तपासून सोडायची, ही सवय हाडात आहे. आणि तिच्यात एक आजारी बाई बसणार. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने सर्व्हिसिंगचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी जय भीम करून फोन ठेवला.

बेबी धान्य निवडत होती. म्हणाली, “मंग घरीच करू. तुम्ही सांगा, मी करते.”

“तू?”

“काऊन, मले हात नाई का?”

सत्तावीस वर्षे अंगणवाडीत पोरे सांभाळली हिने. पान्याचे काय कळणार? पण दुसरा इलाज नाही.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदनाची गाणी ऐकू येत होती तेव्हा गाडीवरचे कव्हर काढले. बेबी मॅक्सीवर माझा जुना खाकी शर्ट घालून आली. त्याच्या खिशावर एस.टी.चे नाव आहे. मला हसू आले, पण तोंडाची एक बाजू अजून नीट हसत नाही.

डाव्या दाराला ओरखडा आहे, तो सोनाळ्याचा. पोरीला, धम्मशीलाला, तिथे दिली. २०१८ मध्ये साखरपुड्याला निघालो तेव्हा खामगावच्या पुढे रेडिएटरचा पाइप फुटला. वाफच वाफ. रस्त्यावर सावली नाही, गाडीत पाहुण्यांसाठी पेढे. बेबीने काही न विचारता नव्या साडीचा काठ फाडून हातात दिला. मी पाइप बांधला, पाणी ओतत ओतत सोनाळा गाठले. तिथल्या बोळीत घुसताना घाईत दार भिंतीला घासले. व्याही म्हणाले, “एवढा उशीर?” बेबी म्हणाली, “गाडीले बी साडी नेसवत होतो.” सगळे हसले. धम्माला तर हसता हसता ठसका लागला. त्या दिवशी आम्ही किती तरुण होतो असे आता वाटते. चोपन्नचा होतो मी.

आज बॅटरी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला होता. मी खुर्चीवर बसून सांगत होतो. मी म्हणण्याआधीच तिने दहाचा पाना उचलला. नशीब म्हणायचे. पण लावला कुठे? सरळ प्लसवर!

“आधी मायनस! किती डाव सांग्तलं, आधी मायनस! पाना बॉडीले लागला तर ठिणगी उडन न बाई!”

एवढे लांब वाक्य मी ऑक्टोबरनंतर बोललो नव्हतो. आवाज ऐकून शेजारची छाया कुंपणापाशी आली. बेबी शांतपणे म्हणाली, “विसरली जी.”

नंतर ध्यानात आले. ओरडताना माझा उजवा हात तिच्या मनगटावर गेला होता. मी नेला नव्हता, तो गेला होता. मग पुन्हा पडला मांडीवर.

गरम पाण्यात सोडा घालून टर्मिनल धुतले, व्हॅसलीन लावले. जोडताना मायनस शेवटी, हेही दोनदा सांगावे लागले.

२ फेब्रुवारी

एअर फिल्टर काढला. त्यात धूळ, वाळलेली पाने आणि एक गांधीलमाशी. आपटून झटकला, मागून फुंकला. अजून चालेल.

क्लिपा बंद करायला बेबीला जमेना. “माह्यं बोट पुरत नाई, तुम्ही दाबा.” चारपैकी दोन मी दाबल्या. एक डाव्याने, एक उजव्याच्या तळव्याने. घाम आला.

तिच्या हातात काही ठरत नाही, हे आजचे नाही. लग्नानंतर मी मेहकरहून लवकर सुटलो की तिला घ्यायला अंगणवाडीत जायचो. एकदा पाहतो तर खोलीभर मणी सांडलेले आणि वीस-पंचवीस पोरे दोन बोटांनी एकेक मणी उचलून डब्यात टाकत आहेत. ही भिंतीला टेकून बसलेली. मी म्हटले, “रोज कसं काय सांडते तुह्या हातून?” तर म्हणे, “सांडते बापा, काय करू.” त्यातली कितीतरी पोरे आता नोकरीला लागली, रस्त्यात दिसली की तिच्या पाया पडतात. हातून सांडायचे मात्र थांबले नाही.

९ फेब्रुवारी

प्लग. एकेक वायर काढायची, एकेक प्लग खोलायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. हे तिने बरोबर केले. पण नट सोडवायचा तर उलटा फिरवायचा एवढे साधे तिला कळेना. आवळतच चालली. मला खुर्चीवरून उठून बोनेटला टेकून उभे राहावे लागले. पान्यावर माझा उजवा हात तिने ठेवून घेतला आणि वरून स्वतःचा दाबला. “आता दाखवा कोणीकडे ते.” कट्कन सुटला. जुन्या ओळखीचा आवाज!

तारेच्या ब्रशने प्लग घासले. फटीचे माप घ्यायचे तर म्हणाली, “मले दिसत नाई बारीक.” मग पातळ पट्टी मी धरली, उजव्या हाताच्या दोन बोटांत. पट्टी थरथरत होती. पहिल्या प्लगला पाऊण तास, तिसऱ्याला वीस मिनिटे.

संध्याकाळी ती दारात बसून माझ्या शर्टाची गुंडी लावत होती. सुईत दोरा एका फटक्यात ओवला. बारीक दिसत नाही म्हणते आणि सुई दिसते. बायांचे डोळे वेगळेच असतात.

१६ फेब्रुवारी

आज ऑइल. हा खरा दिवस. पुढची चाके लोखंडी उतारावर चढवायची होती. छायाला गाडी येते, ती शाळेत शिकवते, आज रविवारची स्कूटरवर बाजाराला निघालीच होती. थांबली, इंजिन चालू केले. दोन मिनिटे अडखळत धडधडले आणि मग एका लयीत लागले. मी तिथेच कान देऊन उभा. गाडी उतारावर चढली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. ते दगड मी स्वतः पायाने ढकलून पाहिले, तेव्हाच बेबीला खाली जाऊ दिले.

बारदाण्यावर झोपून ती आत सरकली. फक्त पाय दिसत होते, पैंजण नसलेले, टाचा भेगाळलेल्या. छप्पन वर्षांची बाई. मी म्हटले, “राहू दे वं, बाहेर ये.” आतून आवाज, “सतराचा पाना द्या.”

जुने ऑइल पातेल्यात पडायला लागले. काळे, कोमट, जड. तो वास आला आणि मी अंगणात नव्हतोच. मी पहाटेच्या डेपोत होतो. पिटच्या खड्ड्यात जोडीदार देवानंद खाली, मी वर, पहिली गाडी सुटायच्या आत ब्रेक बांधायचे, कंडक्टर हातात पेटी घेऊन घाई करतोय, कँटीनमधून आल्याचा चहा. देवानंद खालून ओरडायचा, “गुलाब्या, दे बे पाना!” एकतीस वर्षांत माझ्या हातची एक गाडी ब्रेकमुळे रस्त्यात उभी राहिली नाही. देवानंद मागल्या वर्षी गेला. त्याच्या मातीला मी याच गाडीने गेलो होतो.

तेवढ्यात टप् आवाज. बोल्ट आणि वायसर बेबीच्या हातून सरळ ऑइलच्या पातेल्यात. “पडला जी. माह्यानं आता उठनं होत नाई, तुम्हीच पाह्यता का?” पातेले बाहेर सरकवले. डाव्या हाताने मी खुर्ची धरली होती, ती सोडली तर पडलो असतो. म्हणून उजवा हात ऑइलमध्ये घातला. तळाशी चाचपडत राहिलो. बोल्ट सापडायचा, निसटायचा. बेबी खाली पडून वाट पाहत होती, एकदाही घाई केली नाही. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी बोल्ट बोटांत आला. वायसर नवाच लावायचा होता म्हणून सोडून दिला.

नवा फिल्टर लावताना रबराला ऑइलचे बोट फिरवायचे आणि हातानेच आवळायचा, पाना नाही लावायचा. ते बोट मी फिरवले. नवे ऑइल ओतले, मापाच्या पट्टीवर दोन खुणांच्या मध्ये आले. खाली थेंब नाही. चोख काम.

१७ फेब्रुवारी

काल हात काळा झाला होता. बेबीने साखर आणि साबण लावून धुतला. एकेक बोट. मध्येच म्हणाली, “दाबा बरं माह्यं बोट.” दाबले. “अजून.” दाबले. ती उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. भाजी करपली असावी.

२३ फेब्रुवारी

ही ओळ उजव्या हाताने लिहिली.

एवढीच. पुढचे डाव्याने. वहीच्या शेवटच्या पानावर सही करून पाहतो आहे, बेबी बाहेर गेली की. ‘गुलाबराव’मधला ‘ब’ फुटतो. तिला दाखवायचे नाही, जमले नाही तर उगाच जीव टांगणीला.

१ मार्च

एक गंमत. छाया सांगत होती, काल बाजारात तिची स्कूटर बंद पडली, तर आमच्या बेबीने प्लग काढून, पुसून, पाच मिनिटांत चालू करून दिली. “काकू तर एकदम मेकॅनिक झाल्या जी!” मी म्हटले, दुसरी कोणी असेल. आमच्या बेबीला नट कोणत्या बाजूला फिरतो ते अजून कळत नाही. छाया हसायला लागली. शिकलेल्या पोरींना म्हाताऱ्यांची थट्टा सुचते. बेबीला विचारले तर म्हणाली, “तिची स्कूटर हलवली न मी थोडी, झाली चालू.” तसेच असणार.

९ मार्च

ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, पाणी भरले, वायपरची रबरे बदलली. चाकांचे नट मी आवळले. मी! बेबीला “जोर पुरत नाही” म्हणून. दोन्ही हात लावून, पण उजव्याने धरले होते.

मग छाया म्हणाली, चला चक्कर मारू. सरोवराच्या काठापर्यंत गेलो. मी पुढे, बेबी मागे खिडकी उघडून. पोरे लहान होती तेव्हा मी त्यांना सायकलवर इथे आणायचो, एक पुढे, एक मागे, बेबी पायी. धम्मा विचारायची, बाबा, आभाळातून दगड पडला तेव्हा तुम्ही कुठे होते? मी सांगायचो, ड्यूटीवर होतो. तिला ते पटायचे.

इंजिन ऐकत होतो. कुठेही चुकत नव्हते. एवढी चांगली झालेली गाडी आता द्यायची. बेबीला म्हटले, “प्रसेनजितले सांगू का, नाई विकत म्हणून?” ती बाहेर पाहत म्हणाली, “तिकडे ती बाई वाट पाहून राह्यली असन.” तिचेच बरोबर होते.

१५ मार्च

राजकुमार आला. आईलाही घेऊन आला, मंजुळाबाई. सुजलेले पाय, हातावर सुयांच्या गाठी. बेबीने तिला पुढच्या सीटवर बसवले, पाठीला उशी दिली. राजकुमारने चक्कर मारून आणली. उतरताना मंजुळाबाई म्हणाली, “हादरा नाई बसत बापा. त्या ऑटोत जीव जाते माह्या.”

मी राजकुमारला तासभर सगळे समजावले. कुठे काय पाहायचे, कधी बदलायचे. तो मोबाइलवर टिपून घेत होता. “काका, सर्व्हिसिंग कोणत्या गॅरेजले केली?” मी म्हटले, “घरीच. मी आणि ही.” बेबी चहाचे रिकामे कप घेऊन आत वळली.

मग कागद आले. राजकुमारने पेन दिला. मी उजव्या हातात घेतला. पहिला ‘गु’ झाला आणि पेन घसरला, रेघ पार खाली गेली. राजकुमारने दुसरा कागद काढला. चांगल्या मनानेच म्हणाला, “काका, तरास नका घेऊ, अंगठा चालते न.”

बेबी दारात उभी होती. “थांबा जी. त्याहीले घाई करू नका.”

मंजुळाबाईसुद्धा माझ्या हाताकडे पाहत होती. मी नव्या कागदावर पुन्हा ‘गु’पासून लिहिले. ‘ला’ झाला. ‘ब’ झाला, फुटला नाही. ‘राव’ लिहिताना लक्षात आले की माझी जीभ बाहेर आली आहे, आबांसारखी. तशीच राहू दिली. तीन ठिकाणी सही होती, तिन्ही केल्या. तिसरी तर जवळजवळ जुन्यासारखी.

मान वर केली तर बेबी भिंतीला टेकून बसली होती आणि पदर तोंडात धरला होता. गाडी चालली म्हणून रडत असेल. मी म्हटले, “रडू नको वं, चांगल्या घरी चालली.” ती हसली की रडली, सांगता येत नाही.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. घरात आलो आणि आबांच्या भिंतीकडे तोंड करून बसलो.

१६ मार्च

अंगणात गाडीच्या जागेवर चौकोनी कोरडी माती. ऑइलचा एक डाग. बेबीने तिथे चटई टाकून कुरडया वाळत घातल्या. मी पाहत बसलो. काही लिहावेसे वाटत नाही.

२३ मार्च

राजकुमारचा फोन. आई आता दवाखान्यातून येताना गाडीत झोपते, म्हणाला. मग म्हणाला, “काका, पुढची सर्व्हिसिंग तुमच्याकडेच आणू का? तुमच्याइतकं कोणी सांगणार नाई.”

मी फोनवर हात ठेवून बेबीकडे पाहिले. ती म्हणाली, “बोलवा न. आणि त्याले म्हना, टॅपेट वाजून राह्यला होता जाताना, तो बी पाहू.”

इंजिनातल्या टॅपेटची ती बारीक टकटक माझ्याही ध्यानात आली नव्हती. माझ्या सोबत राहून राहून हिचा कान तयार झालेला दिसतो. सांगितलेले वाया गेले नाही म्हणायचे. पण पान्याची बोंब आहेच. राजकुमारला सप्टेंबरात ये म्हणून सांगितले आहे. छायाची जुनी स्कूटर उद्यापासून अंगणात आणणार आहे बेबी, सरावाला. नट कोणत्या बाजूला फिरवायचा ते या वेळी तिला नीट, न चिडता शिकवीन. सहा महिने हातात आहेत.

आजचे पूर्ण पान उजव्या हाताने.